टाइम ऑफिसने हात न लावलेलं यंत्र

शामराव ताटके यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही वस्तू केली नाही, पण दुसऱ्याने केलेल्या प्रत्येक वस्तूला नावं मात्र ठेवली. शेजाऱ्याने गच्चीवर टाकी बांधली तर ती डावीकडे कललेली, साडूने मुलीचं लग्न केलं तर पंगतीतलं श्रीखंड पातळ, आणि सरलाबाईंनी पस्तीस वर्षं केलेल्या पोळ्यांना तर मोक्षच नव्हता. अशा माणसाला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सन दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, संशोधक होण्याची संधी चालून आली. आयतं बीळ दिसल्यावर नागोबा काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शामराव आत शिरून वेटोळं घालून बसले.

इंदोरच्या मल्हारगंजात मसाल्याच्या दुकानावरच्या माडीवर नवराबायको दोन खोल्यांत राहत. शामरावांनी एकतीस वर्षं ज्या मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी घेतली ती मिल बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या मते ती युनियनने बुडवली, पॉलिस्टरने बुडवली, दिल्लीच्या उदारीकरणाने बुडवली. टाइम ऑफिसात बसून सकाळचे पोहे खाणाऱ्यांचा त्यात काही हात होता, असं त्यांना कधीच वाटलं नाही.

संधी आणली ती निशांतने. निशांत हा सरलाबाईंच्या बहिणीचा मुलगा, गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला. कंपनीचं काम अजब होतं: अमेरिकेतल्या वकिलांसाठी जगभरातले जुने कागद शोधायचे. सध्या एक खटला चालू होता. माणसाशी बोलणाऱ्या यंत्राचं पेटंट एका कंपनीने घेतलं होतं. यंत्राला माणसाचं बोलणं नीट कळलं नाही तर ते अंदाज मारत नाही, 'हे म्हणालात की ते?' असं उलट विचारतं, आणि तरीही खात्री पटली नाही तर जिवंत माणसाला बोलावतं. ही युक्ती जगात आम्हालाच पहिल्यांदा सुचली, असं त्या कंपनीचं म्हणणं. निशांतच्या वकिलांना ते खोटं ठरवायचं होतं. त्यासाठी कुणीतरी, कुठेतरी, आधीच असं यंत्र करून त्याबद्दल छापलेलं असलं की पुरे होतं.

निशांतने हे मावशीला फोनवर सहज सांगितलं. शामरावांनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाले, असं यंत्र आमच्या मिलच्या गेटवर होतं, शहाऐंशी साली. आम्ही केलं होतं. दुसऱ्या फोनपर्यंत या 'आम्ही'चा 'मी' झाला. तिसऱ्या फोनपर्यंत ही बातमी तुकोगंजातल्या मराठी मंडळापर्यंत पोचली होती आणि तिथल्या लोकांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवूनही टाकलं होतं. शामरावांनी नवा बुशशर्ट शिवायला टाकला. अमेरिकन वकील कॅमेऱ्यावर साक्ष घेणार, असं त्यांनी गल्लीतल्या वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं.

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती सरलाबाईंना माहीत होती.

मिलमध्ये कायम कामगार होते तसे बदली कामगारही होते. कुणी गैरहजर राहिला तरच यांना काम. त्यामुळे शे-दीडशे माणसं रोज सकाळी साडेसहाला गेटवर उभी राहत आणि शामराव खिडकीतून बिल्ल्यांचे नंबर पुकारत. कोणाचा नंबर आधी पुकारायचा हे वहीत लिहिलेलं असे, पण वही शामरावांच्या हातात असे. जो वाकून 'नमस्ते बाबूजी' म्हणे, जो येताना छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीतून गरम जिलबी आणी, त्याचा नंबर लवकर लागे. उरलेले ऊन चढेपर्यंत उभे राहत आणि घरी जात. या खिडकीतून जगाकडे पाहण्याची शामरावांना सवय झाली होती, आणि खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस नेहमी खालीच दिसतो.

इलेक्ट्रिक खात्यात कचरू इंगळे नावाचा वायरमन होता. महूचा. बाप फौजेत सिग्नलमध्ये होता, त्यामुळे टेलिफोनची ओळख कचरूला पाटी-पेन्सिलच्या आधी झाली. त्याचा धाकटा भाऊ बदली कामगार होता आणि जिलबी आणणाऱ्यांतला नव्हता. गेटवर उभं राहून राहून तो दोनदा चक्कर येऊन पडला. तेव्हा कचरूने दीड वर्ष खपून यंत्र केलं. लष्कराच्या भंगारातून आणलेला टेलिफोन, आवाज चाळणाऱ्या आठ चौकटी, छत्तीस रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारे खटके, आणि एक टेपरेकॉर्डर. बदली कामगाराने रिसीव्हर उचलून आपल्या बिल्ल्याचा नंबर एकेक आकडा करून म्हणायचा. यंत्र सांगणार, आज काम आहे की नाही. पाळी काटेकोर, ज्याची त्याला. यंत्रातला आवाज कचरूच्या बायकोचा, जयाचा होता. 'दो बोले या नौ?' असं ती विचारी, आणि मोठमोठे मिशाळ गडी तिला अदबीने 'दो, बाईजी' म्हणून उत्तर देत.

विणकाम खात्याचा मुख्य, विव्हिंग मास्तर, जरा बऱ्या डोक्याचा होता. त्याने तीन आठवडे यंत्र चालवून पाहायची परवानगी दिली. त्या तीन आठवड्यांत शामरावांना एकदाही कुणी जिलबी आणली नाही.

त्यावर शामरावांनी जे केलं ते त्यांच्या वकुबाला शोभेसंच होतं. मिलच्या मराठी कर्मचाऱ्यांचा गणेशोत्सव असे, त्याची स्मरणिका निघे. निम्म्या पानांवर साड्यांच्या आणि नमकीनच्या दुकानांच्या जाहिराती, उरलेल्या पानांवर कविता, पाककृती आणि एक विनोदी लेख. तो लेख त्या वर्षी शामरावांनी लिहिला आणि चौथ्या दिवशी स्टेजवर उभं राहून माईकवर वाचला. चारशे माणसं हसली. पहिल्या रांगेत बसलेले मॅनेजर तर डोळे पुसत होते. सोमवारी यंत्र गेटवरून काढलं गेलं. ज्यावर सगळे हसतात ते यंत्र कामाचं असेल असं कुठल्या मॅनेजरला वाटणार? शामरावांची खिडकी पुन्हा उघडली आणि पुढची सहा वर्षं, म्हणजे मिलला कुलूप लागेपर्यंत, जिलबी वेळेवर येत राहिली.

निशांत आला तो लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊनच. शामरावांनी नवा बुशशर्ट घालून सगळी हकीकत सांगितली. गेटवरच्या गरिबांची अवस्था पाहून आपलं मन कसं द्रवलं, रात्र रात्र झोप कशी लागेना, मग एके दिवशी युक्ती कशी सुचली. सरलाबाई आत कणीक मळत होत्या. परात जरा जास्तच आपटत होती, इतकंच. निशांत भराभर टाइप करत होता. ऐकून झाल्यावर त्याने बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशा थाटाची एकच गोष्ट मागितली.

"हे तर एकदम सॉलिड आहे, मावसाजी. बस, एक कागद पाहिजे. छापलेला, तारीखवाला, लोकांमधी वाटलेला. नुसतं बोलणं कोर्टात चालत नाही."

शामरावांचा चेहरा उजळला. कागद होता की! त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि शहाऐंशी सालची स्मरणिका काढून भाच्याच्या हातात दिली. देताना एकदा उघडून पाहिलीसुद्धा नाही. सतरा वर्षांत त्या लेखातलं त्यांना फक्त हसू आठवत होतं. लोक कुठे हसले, किती वेळ हसले, मॅनेजर काय म्हणाले, हे सगळं लख्ख लक्षात होतं; आपण काय लिहिलं होतं ते मात्र साफ पुसलं गेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निशांत इंदोरच्याच हिंदी शाळेत शिकलेला, त्यामुळे छापील मराठी त्याला अडखळत वाचावं लागे. त्याने मावशीला बोलावलं. सरलाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. निशांत एकेका पानाचा फोटो काढू लागला.

लेखाचं नाव होतं, 'आमच्या गेटवरचे नवे पंडित'. पहिल्याच ओळीत कचरू इंगळे यांचं नाव होतं, खात्यासकट आणि बिल्ल्याच्या नंबरासकट. माणूस थट्टा करायला बसला तरी हाडाचा टाइमकीपर होता. वेळ, तारीख आणि आकडा टाकल्याशिवाय त्याला वाक्य पुरं करता येत नसे. म्हणून लेखात चाळण्या आठ आणि रिले छत्तीस होते. यंत्राची आकृती होती, कचरूच्याच कागदावरून छापून घेतलेली, आणि तिच्याखाली 'हे पंचांग नव्हे' अशी तळटीप. आणि मग ही हकीकत होती:

"दिनांक २८ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बिल्ला नंबर दोनशे एक्याण्णव. यंत्राने विचारले, दो बोले या नौ? कामगार म्हणाला, दो. यंत्र म्हणाले, दो? हाँ या ना? कामगार म्हणाला, हाँ. तरीही बाईसाहेबांचा विश्वास बसेना, तेव्हा तिसऱ्या खेपेस त्यांनी आमच्या टेबलावरची घंटा वाजवली आणि तोंड मिटून घेतले. मग काम कुणी केले? अस्मादिकांनी!"

"क्या बात है," निशांत पुटपुटला. "दोन ऑप्शन देणं, हाँ-ना, आणि मग माणसाला बोलावणं. पेटंटमधी जे लिहिलंय तेच, त्याच सीक्वेन्समधी. आकृतीपण आहे."

शामराव आपल्याच विनोदावर गालातल्या गालात हसत होते. पुढे काय आहे ते त्यांना सरलाबाई वाचता वाचता थबकल्या तेव्हा आठवलं. त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, पुरे आता, बाकी फालतू आहे. सरलाबाईंनी स्मरणिका त्यांच्या हाताला लागू दिली नाही. एका सुरात, पोथी वाचावी तसं, त्यांनी शेवटचं वाचलं.

"वाचकहो, हे यंत्र सर्वस्वी एकट्या इंगळे पंडितांची करणी आहे. टाइम ऑफिसातल्या कुणीही त्याला आजवर हात लावलेला नाही. ते कुणी बनवले हे ठाऊक असल्यावर, सकाळी आंघोळ करून आलेला माणूस त्याला हात लावील कसा?"

लेखाखाली नाव होतं, शाम ताटके, टाइम ऑफिस.

सगळ्यात मोठं हसू तिथेच आलं होतं.

निशांतला पहिल्यांदा नीट उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्याने कॅमेरा खाली ठेवला. शामराव म्हणू लागले, तो काळच तसा होता, थट्टामस्करी चालायची, आणि खरं पाहता कचरू माझ्याच हाताखाली, डोकं माझं आणि हात त्याचे. निशांतने मान वर न करता सांगितलं की मावसाजी, हात लावला नाही असं तुम्हीच छापलंय, स्वतःच्या सहीने.

"त्या दिवशी मीसुद्धा हसले होते," सरलाबाई म्हणाल्या आणि कणीक मळायला परत गेल्या.

तरी शामरावांच्या हातात एक हुकमाचं पान उरलं होतं, आणि ते निशांतनेच त्यांना दाखवलं. तो म्हणाला, समोरचे वकील म्हणणार, हा तर विनोदी लेख आहे, मनचं लिहिलेलं आहे, असं यंत्र नव्हतंच. तेव्हा लिहिणाऱ्याने शपथपत्र द्यायला हवं की यंत्र खरंच होतं आणि मी ते चालताना पाहिलं. तेवढं मिळालं तर यंत्र करणारा म्हणून कचरू इंगळेंचं नाव कायमचं नोंदलं जाईल. नाही मिळालं तर ही नुसती जुनी स्मरणिका. म्हणजे सतरा वर्षांपूर्वी ज्याने कचरूचं यंत्र बुडवलं, त्यालाच ते एका वाक्यात दुसऱ्यांदा बुडवता येणार होतं. 'छे हो, गंमत होती ती.' एवढं म्हटलं की झालं. सत्काराचं काय सांगायचं तेही मग सोपं होतं: कोर्टाची तांत्रिक अडचण.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून सांवेर रोडला जाताना शामराव ते वाक्य मनातल्या मनात घोळवत होते. ते यायलाच तयार नव्हते, पण निशांतला कचरूचा पत्ता सापडला होता आणि सरलाबाईंनी सकाळी डबा भरून, चपला दारात काढून ठेवल्या होत्या.

कचरू इंगळेंचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, वार्निशचा वास, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, कामावर सहा माणसं. मिल बंद पडली त्या वर्षी शामराव गेटवर सरकारला शिव्या देत बसले होते; कचरूने तेव्हा ही शेड भाड्याने घेतली होती. आता ते पासष्टीचे, केस पांढरे, चष्म्याला दोरी. त्यांनी शामरावांना ओळखलं. 'या' म्हणाले नाहीत, पण स्टूल पुढे सरकवलं. निशांतने सगळं समजावून सांगितलं. ऐकताना ते एका मोटारीच्या खाचांत तार बसवत राहिले. निशांतने स्मरणिका काढली तेव्हा कुठे हात थांबला.

"वाचा," ते शामरावांना म्हणाले.

शामराव म्हणाले, तुम्हाला तर ठाऊकच असेल, तुम्ही होतातच की तिथे. होते. उत्सवाच्या माईकची वायरिंग दरवर्षी इलेक्ट्रिक खात्याकडे असे, आणि त्या दिवशी स्टेजच्या मागे ॲम्प्लिफायरपाशी ड्यूटी कचरूचीच होती. शामरावांचा आवाज चारशे माणसांपर्यंत त्यानेच पोचवला होता.

"वायर माझ्या हातात होती," कचरू म्हणाले. "खेचली असती तर तुमचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नसता. नाही खेचली. म्हटलं, पूर्ण ऐकू द्या लोकांना. आता माझ्या माणसांनापण ऐकू द्या. वाचा, बाबूजी."

सहा कामगार हातातलं काम ठेवून उभे राहिले. शामरावांनी वाचलं. जिथे पूर्वी हशा पिकला होता तिथे ते सवयीने थांबत, आणि शेडमध्ये फक्त पंख्याची घरघर ऐकू येई. आठ चाळण्यांवर कुणी हसलं नाही. पंचांगाच्या आकृतीवर एक कामगार पुढे वाकून बघू लागला आणि उस्तादजी, हे रिले सर्किट तर आजपण चालेल, असं म्हणाला. अठ्ठावीस ऑगस्टच्या हकीकतीला निशांत पेन्सिलीने खुणा करत होता. शेवटच्या परिच्छेदापाशी शामरावांनी स्मरणिका मांडीवर ठेवली. त्यांनी पाणी मागितलं. कचरूंनी माठाकडे बोट केलं, आणि शामराव उठून स्वतःच्या हाताने, सगळे कामगार पीत त्याच पेल्याने, घटाघट पाणी प्यायले. मग तो परिच्छेद त्यांनी वाचला. पुटपुटत वाचला. कचरूंनी तो पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला.

वाचून झाल्यावर शामराव बोलायला लागले. थट्टा होती, तरुण वय होतं, काळ तसा होता, मनात काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी नीटसं आठवतही नाही, यंत्र होतं म्हणावं तर होतं, म्हणजे तसं काही पूर्ण असं.

"यंत्र होतं या नव्हतं?" कचरूंनी विचारलं.

शामराव म्हणाले, आता कसं आहे, होतं म्हणजे काय म्हणायचं यावर आहे.

"हाँ या ना?"

हा स्वर शामरावांच्या ओळखीचा होता. गेटवर तीन आठवडे तो रोज सकाळी त्यांनी खिडकीतून ऐकला होता. त्यात राग नसे आणि आर्जवही नसे. समोरचा नीट उत्तर देईपर्यंत तो थांबे. गुंडाळ्या, मोटारी आणि सहा माणसं वाट पाहत होती. घोळवून ठेवलेलं वाक्य शामरावांच्या जिभेच्या टोकाशी होतं. पण ते वाक्य म्हणायला वर एक खिडकी लागते आणि खाली माणसं उभी असावी लागतात. इथे शामराव स्टुलावर बसले होते आणि बाकी सगळे उभे होते.

"हाँ," शामराव म्हणाले.

निशांतने छापून आणलेला मसुदा पुढे केला. त्यात यंत्र करणाऱ्याचं नाव भरायचं होतं, ते त्याने कचरू इंगळे असं लिहिलं. मग त्याला अडचण पडली. मावसाजींना काय म्हणून दाखवायचं? लेखक, सहकारी, की सुपरवायझर? त्याने दोघांकडे पाहिलं.

कचरूंनी पुन्हा तार हातात घेतली होती.

"साक्षीदार टाक, बेटा," ते म्हणाले. "दुसरा आला का, किती वाजता आला, एवढं बघायचं, हेच काम होतं यांचं. ते मात्र यांनी चोख केलंय."

एक कामगार हसला. मग दुसरा. शामरावांनी बुशशर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि साक्षीदाराच्या ओळीवर सही केली. मनगटावरचं घड्याळ पाहून त्यांनी खाली वेळही टाकली, अकरा वाजून वीस मिनिटे.